सह्याद्रीची रिकामी ओळ

रिमोटवरचं गाइडचं बटण दाबलं की आमच्या टीव्हीवर एक तक्ता उघडतो. डावीकडे वाहिन्यांची नावं, वर वेळा आणि मधे रंगीत पट्ट्या. आत्ता कुठे काय चालू आहे, साडेसातला काय लागणार, सगळं एका नजरेत दिसतं. सासूबाईंना हा तक्ता फार आवडतो. एखादा कार्यक्रम बघण्याआधी त्या चष्मा पुसून तो वरपासून खालपर्यंत वाचून काढतात. त्या दिवशी संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि बाहेरून हाक आली, "अगं, हे बघ जरा. सगळ्यांच्या पुढे लिहिलंय, आपल्यावालीच्याच पुढे काही नाही." पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर आले. हिंदी बातम्यांच्या वाहिन्या भरलेल्या, सिनेमाच्या भरलेल्या, प्रवचनांच्यासुद्धा भरलेल्या. डीडी सह्याद्रीची ओळ मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत करडी, आणि तिच्यावर एवढंच, ‘माहिती उपलब्ध नाही’. वाहिनी बंद नव्हती. बटण दाबलं की चित्र येत होतं, निवेदिका हसून काहीतरी सांगत होती, मागे तबला वाजत होता. पण यादीला विचाराल तर तिथे काही घडतच नव्हतं.

"बंद करणारेत का गं ही वाहिनी?" आईंनी विचारलं.

नाही हो, म्हणून मी आत गेले खरी, पण पोळ्या लाटताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. ऐंशी ओलांडलेल्या बाईचा हिशेब सरळ होता. ज्याचं पुढचं कुठे लिहिलेलं नाही, त्याचं पुढे काही नाही. आणि नेमकी मराठीच का? इंदूरच्या या घरात दिवसभर सगळीकडून हिंदी ऐकू येते. भाजीवाला हिंदी, शेजारच्या भाभी हिंदी, बँकेत हिंदी, नातसुनेशी फोनवर निम्मी हिंदी. संध्याकाळचे ते दोन-तीन तास आईंना त्यांची भाषा टीव्हीवरच भेटते. आणि जिची त्या वाट बघतात, त्याच वाहिनीची ओळ कोरी होती.

हा संच मुलाने दिवाळीच्या सुट्टीत बसवून दिला. तो पुण्यात असतो. छतावर डीडी फ्री डिशची छत्री आधीपासून होतीच, आग्नेयेला तोंड करून, 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 उपग्रहाकडे रोखलेली. महिन्याचं भाडं नाही, कुणाचे फोन नाहीत. त्याने तिची वायर एका लहानशा कॉम्प्युटरच्या ट्यूनरला जोडली. त्यावर टीव्हीहेडएंड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते वाहिन्या पकडतं. त्याच्यापुढे जेलीफिन, ते त्या टीव्हीवर नीट मांडून दाखवतं आणि रेकॉर्ड करून ठेवतं. सगळा खटाटोप त्या रेकॉर्डिंगसाठीच होता. आईंना संध्याकाळी सातच्या सुमाराला हमखास डुलकी लागते. जाग येते तोवर मराठी बातम्या संपलेल्या असतात, आणि मग रात्रभर त्यांना चुटपूट लागते. रेकॉर्ड करायचं तर कुठल्या वाहिनीवर, किती वाजता, काय आहे हे सॉफ्टवेअरला आधी कळावं लागतं, आणि ते त्याला गाइडमधूनच कळतं. ओळ कोरी असली की ‘हा कार्यक्रम रोज ठेव’ असं त्या वाहिनीपुरतं सांगताच येत नाही. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, मॅपिंग झालं नसेल, म्हणजे वाहिनी गाइडशी जोडलेली नसेल. बसून हाताने करावं लागेल." त्याचं ऑफिस, त्याची धावपळ मला माहीत आहे. मग मीच बसले. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या ताडून पाहिल्यात, या याद्या तरी काय वेगळ्या असणार.

रात्री सगळं आवरल्यावर मी तो तक्ता उघडून बसायची. करायचं ते ऐकायला सोपं आहे. एक यादी ट्यूनरकडून येते, म्हणजे आकाशातून प्रत्यक्ष काय-काय पकडलं जातंय ती. दुसरी यादी गाइडच्या फाइलमधून येते. ही फाइल एक्सएमएलटीव्ही नावाच्या साच्यात लिहिलेली असते. आधी वाहिन्यांची ओळख, मग एकेका कार्यक्रमाची सुरुवात, शेवट, नाव, चार ओळींची माहिती. दोन्ही याद्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कामासाठी केलेल्या, आणि एकमेकींना मुळीच न ओळखणाऱ्या. लग्नघरात आहेराची पाकिटं मोजताना जे होतं तेच इथे. पत्रिकांच्या यादीत ‘श्री. व सौ.’ असतात, पाकिटावर ‘बंडूकाका, महू’ एवढंच असतं, आणि हे दोघे एकच हे घरातल्या एखाद्या आत्यालाच माहीत असतं. सॉफ्टवेअरजवळ ती आत्या नाही. ते आधी ठरीव ओळख-खूण जुळते का बघतं. ती नसली तर वाहिनीचा नंबर बघतं. तोही नसला तर मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढून टाकून नाव बघतं. एवढं करून जुळलं नाही की ओळ करडी.

आमच्या सह्याद्रीचं काय झालं होतं, ते सापडलं तेव्हा मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. गाइडच्या फाइलमध्ये ती होती! फक्त तिथे नाव पूर्ण लिहिलेलं होतं, दूरदर्शन सह्याद्री. ट्यूनरच्या यादीत डीडी सह्याद्री. शेंबड्या पोरालाही कळेल की हे एकच. यंत्राला कळत नाही, कारण ते नुसती अक्षरं बघतं. दोन शब्द एकमेकांपासून किती लांब आहेत हे मोजायची एक रीत आहे, व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने 1965 साली मांडलेली. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील ते मोजायचं. नावं आपोआप जुळवणारी कित्येक साधनं याच मापावर किंवा त्याच्या भावंडांवर चालतात. मी वही घेऊन रोमन अक्षरांत मोजून पाहिलं. दूरदर्शनचं डीडी करायला नऊ अक्षरं खोडावी लागतात. आणि डीडी सह्याद्रीचं डीडी गिरनार करायला? सहा फेरफार. म्हणजे या मापाने आमच्या सह्याद्रीला स्वतःच्या पूर्ण नावापेक्षा गिरनार जवळचा. दूरदर्शनने आपल्या प्रादेशिक वाहिन्यांना डोंगरांची नावं दिली, सह्याद्री, गिरनार, सप्तगिरी, यादगिरी, हे मला फार सुंदर वाटतं. पण सगळ्यांच्या पुढे तेच डीडी असल्यामुळे यंत्राला हे सगळे डोंगर शेजारी-शेजारी दिसतात. मी आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "गिरनार? ते गुजराथ्यांचं. त्याला काय विचारायचं!" माप न मोजता त्यांनी निकाल दिला, आणि तो बरोबर होता.

त्या रात्री मी सह्याद्री हाताने जोडली. तीन ठिपक्यांचा मेन्यू, वाहिन्या जोडा, डावीकडची निवडायची, उजवीकडची निवडायची, जतन करा. मग गाइड ताजं व्हायची वाट. एक निळं चक्र फिरत राहतं. तेवढ्यात मी ओट्यावरचं दूध झाकून आले.

नावांचं हे प्रकरण मात्र सह्याद्रीपुरतं नाही, आणि मराठी वाहिन्यांच्या बाबतीत तर ते फारच गुंतलेलं आहे. आमच्या आई अजूनही "अल्फा लाव" म्हणतात. अल्फा मराठी 1999 साली सुरू झाली आणि 2005 मध्ये झी मराठी झाली. त्याला इतकी वर्षं होऊन गेली, पण केबल आली तेव्हा जे नाव तोंडात बसलं ते बसलं. ई टीव्ही मराठीची 2015 मध्ये कलर्स मराठी झाली. स्टार माझाचं 2012 मध्ये एबीपी माझा झालं. आयबीएन लोकमतचं न्यूज एटीन लोकमत झालं. पडद्यावरचं बोधचिन्ह एका रात्रीत बदलतं, पण याद्यांमधली नावं वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. देशभरच्या वाहिन्यांच्या ज्या मोठाल्या फाइली लोक एकमेकांना देत असतात, त्यांत ओळख-खुणेत जुनं नाव आणि दिसायला नवं नाव असं सर्रास आढळतं. वाटतं चूक आहे, पण ते शहाणपणाचं असतं. खूण बदलली तर हजारो घरांत जोडलेल्या वाहिन्या एकदम तुटतील. म्हणून वरचं नाव हवं तितकं बदला, आतली खूण हलवू नका. एक्सएमएलटीव्हीच्या साच्यात एका वाहिनीला कितीही नावं देता येतात, त्यातलं पहिलं ते मुख्य. मला ही सोय फार माणसाळलेली वाटते. मी झी मराठीच्या खाली अल्फा लिहून ठेवलं. आज फ्री डिशवर तिचा आम्हाला उपयोग नाही, पण पुढेमागे केबलची जोडणी याच कॉम्प्युटरवर आणायचा मुलाचा विचार आहे, तेव्हा कामाला येईल.

आणि झी चोवीस तास! एकीकडे आकडे रोमन, एकीकडे देवनागरी. ‘तास’ रोमनमध्ये कुणी एका ए ने लिहितं, कुणी दोन ए ने, कुणी मधली जागा खाऊन टाकतं. देवनागरीत लिहिलं म्हणजे सुटलो असंही नाही. दुसऱ्या, साऱ्या, ताऱ्या या शब्दांतला तो आपला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकतर सबंध एक अक्षर म्हणून, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्त्याचं टिंब. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. सॉफ्टवेअरने आधी ते एकसारखे करून घेतले नाहीत तर त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द. एखाद्या कार्यक्रमाच्या नावात ‘दुसऱ्या’ असलं, फाइल बदलली आणि नवीन फाइलवाल्याचा कीबोर्ड वेगळा असला, की ‘दर आठवड्याला ठेव’ म्हटलेलं रेकॉर्डिंग गुपचूप थांबतं. डोळ्यांना दिसणारा काही फरक नसतो, म्हणून माणूस शोधतच राहतो. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भोवतं, शोधपेटीत स्वतःचंच लिखाण सापडत नाही.

नंबरांचं सांगायचं तर त्यांच्यावर माझा विश्वासच नाही. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात, आज आहे ती उद्या असेलच असं नाही. 2019 च्या मार्चमध्ये मोठ्या समूहांनी आपल्या फुकटच्या हिंदी मनोरंजन वाहिन्या एकदम काढून घेतल्या, 2020 मध्ये परत आणल्या आणि 2022 मध्ये पुन्हा नेल्या. आमच्या गल्लीतल्या बायका तेव्हा दारात उभ्या राहून एकमेकींना विचारत होत्या, तुमच्याकडे तरी दिसतंय का. जागा तीच, नंबर तोच, आत बिऱ्हाड दुसरं. गाइड नंबरावर जोडलेलं असेल तर ते खुशाल गेलेल्या वाहिनीच्या मालिका नव्या वाहिनीच्या नावावर दाखवत बसतं. करडी ओळ परवडली. ती निदान खोटं बोलत नाही. चुकीची भरलेली ओळ मात्र दिमाखाने उभी असते, तिच्या भरवशावर माणूस जेवण लवकर उरकतो, आणि ऐन वेळी समोर भलतंच.

प्रक्षेपणाच्या आत एक खरीखुरी ओळख असते. डिजिटल लहरींमधून प्रत्येक वाहिनीबरोबर तीन आकडे येतात, मूळ नेटवर्कचा, ती ज्या गठ्ठ्यातून येते त्या प्रवाहाचा आणि तिचा स्वतःचा सेवा-क्रमांक. त्याच लहरींतून, 18 क्रमांकाच्या एका वेगळ्या धाग्यात, कार्यक्रमांची माहितीही पाठवायची सोय आहे. ‘आत्ता आणि नंतर’ एवढंच, किंवा प्रसारकाने मनावर घेतलं तर पुढच्या कित्येक दिवसांचं. हे सगळ्यात चांगलं, कारण तिथे जुळवायचं काही उरतच नाही. माहिती वाहिनीच्या अंगावरच शिवलेली असते, भाषेसकट, ‘एम-ए-आर’ अशी तीन रोमन अक्षरांची मराठीची खूणही त्यात बसते. सगळ्या प्रसारकांनी एवढं केलं तर माझ्यासारखीला रात्री वही घेऊन बसावं लागणार नाही. मोठ्या वाहिन्यांची माहिती कुणी ना कुणी भरतंच, तिला गिऱ्हाईक आहे. प्रादेशिक वाहिनी, तीही तिच्या राज्याबाहेर बघणारी माणसं, त्यांची यादी नीट आहे का हे बघायला कुणाला वेळ असणार? आम्ही इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याची माणसं कुठल्याच यादीत धड बसत नाही. भाषेने तिकडचे, पत्त्याने इकडचे. आमच्या हातातली वाहिनीही तशीच, लहरी सगळ्या देशावर पडतात, पण तिचं वेळापत्रक तिच्या राज्याबाहेर कुणी विचारत नाही.

आणि मला बाबांची आठवण झाली.

आमचं माहेर रामबागेतलं. ऐंशीच्या दशकात इंदूरच्या छपरांवर अँटेना उभ्या राहिल्या तेव्हा दूरदर्शन म्हणजे दिल्लीचं हिंदी. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालेलं, तिथे मराठी नाटकं, गाणी, गप्पा सगळं चालायचं, पण त्या मनोऱ्याची लहर सातपुडा ओलांडून आमच्यापर्यंत कशी येणार? बाबा संध्याकाळी महाराष्ट्र साहित्य सभेच्या वाचनालयात जायचे. मुंबईचं वर्तमानपत्र तिथे गाडीने, एक दिवस शिळं होऊन यायचं. ते अग्रलेख वाचायचे, मग नाट्यगृहांच्या जाहिराती, आणि शेवटी आतल्या पानावरची मुंबई दूरदर्शनची कार्यक्रम-पत्रिका. काल रात्री मुंबईत काय दिसलं त्याची यादी. घरी येऊन जेवताना आम्हाला सांगायचे, "काल संगीत नाटक होतं बरं का, आणि त्याच्यानंतर कुठल्यातरी बुवांची मुलाखत." जणू स्वतः पाहून आलेत. आई पोळी वाढता वाढता विचारायची, नाटकात कोण होतं, आणि ते नावंही सांगायचे. आम्ही पोरं त्यावरून भांडायचोसुद्धा, की ते नाटक कसं असेल. आज सानंद या संस्थेमुळे मुंबई-पुण्याची चांगली नाटकं इंदुरात येतात, तिकिटासाठी धावपळ करावी लागते. पण तेव्हा आमच्या हातात नुसती यादी होती. ती वाचण्यात बाबांना सुख मिळायचं की दुःख, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही एकाच घासात असणार. सह्याद्री उपग्रहावरून दिसू लागली तेव्हा त्यांनी पहिले कित्येक दिवस शेतीचे बाजारभावसुद्धा शेवटपर्यंत ऐकले. नगर, लातूर, सांगली, तिथली एकही पिशवी त्यांना विकत घ्यायची नव्हती.

त्यांच्याकडे यादी होती आणि वाहिनी नव्हती. आईंकडे वाहिनी होती आणि यादी नव्हती. म्हणूनच बहुधा मला ती करडी ओळ सोसवेना.

जोडून झाल्यावर सकाळी बघते तर ओळ भरलेली, पण सातच्या बातम्या रात्री साडेबाराला! हे लगेच लक्षात आलं, कारण साडेपाच तास म्हटलं की आपल्याला दुसरं काही सुचतच नाही. फाइलमध्ये वेळ चौदा आकड्यांत लिहितात, वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटं, सेकंद, सगळं एकापाठोपाठ सलग, 19 वाजले की 190000. त्यापुढे एक जागा सोडून +0530 लिहायचं असतं. ते लिहिलं नाही तर ती वेळ जागतिक प्रमाणवेळ धरली जाते आणि सॉफ्टवेअर इमानाने साडेपाच तास पुढे सरकवून दाखवतं. फाइल करणाऱ्याने सह्याद्रीपुरतं ते शेपूट गाळलं होतं. कोडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये गाइड अर्ध्या-अर्ध्या तासाने मागेपुढे करायची किल्ली असते, पण ती फिरवली की सगळ्याच वाहिन्या हलतात. मी फाइलच उघडून त्या ओळींना शेपटं लावली. शोधा आणि बदला. सेकंदभराचं काम, पण ते कुठे करायचं हे शोधण्यात अर्धी रात्र गेली, आणि मला त्याचा कंटाळा आला नाही.

तरी माझा नियम असा आहे की कागदावर ताळा बसला म्हणजे काम झालं असं नाही, रोकड मोजून बघायची. गाइड बरोबर आहे हे यादीत बघून कळत नाही, टीव्ही लावून बघावं लागतं. मग आम्ही दोघी बसलो. मी वहीत लिहायची, आई पडद्याकडे बघून सांगायच्या. समोर पोह्यांची बशी, वर शेव आणि जिरावण, त्याचा तो आंबट-तिखट वास. गाइडमध्ये लिहिलं होतं ‘मराठी कार्यक्रम’, आणि ती पट्टी दुपारभर पसरलेली. "हे काय लिहिलंय? हे तर बायकांच्या आरोग्याचं आहे. ती डॉक्टरीण येते बघ, हिरव्या साडीत." थोड्या वेळाने, "आता भजनं लागतील." लागली. "बुधवारी याच वेळेला हे नसतं, जुनं नाटक असतं." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? "बघते ना रोज," त्या म्हणाल्या. त्यांना कार्यक्रमांची नावं येत नाहीत. त्यांच्या डोक्यात सगळं वेळ आणि चेहऱ्यांनी लावलेलं आहे. तो जाड भिंगांचा निवेदक आला की चार वाजले. ती कोल्हापुरी बोलणारी बाई आली की शेतकऱ्यांचं. कुठला कार्यक्रम पुनःप्रसारित हेही त्यांना पहिल्या मिनिटात कळतं, "हे मागच्या महिन्यात झालं." गाइडच्या साच्यात त्यासाठीही जागा आहे, ‘पूर्वी दाखवलेलं’ अशी एक खूण असते. कुणी भरलेली मला तरी दिसली नाही. आई ती तोंडी भरत होत्या.

मला तेव्हा थोडं भरूनही आलं. ज्या बाईला सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, तिला आठवडाभराचं वेळापत्रक पाठ आहे. आणि गाइड पूर्ण झालं, रेकॉर्डिंग आपोआप होऊ लागलं, की हे पाठ असण्याची गरजच राहणार नाही, असंही मनात आलं. मग वाटलं, नाही, गरज आहे. फाइल जिथे ‘मराठी कार्यक्रम’ म्हणून गप्प बसते तिथे खरी माहिती याच घरात आहे. तीच का लिहू नये?

म्हणून आता आमची स्वतःची फाइल आहे. एक्सेलमध्ये चार रकाने, वार, सुरुवात, शेवट, नाव. त्यावरून एक्सएमएलटीव्हीच्या साच्यात ओळी करायचं सूत्र मुलाने फोनवर सांगितलं. वाहिनीची खूण मी साधी ठेवली, सह्याद्री डॉट घर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या फाइलशी गल्लत व्हायला नको. प्रत्येक वेळेपुढे +0530. भाषेच्या जागी मराठीची दोन अक्षरी खूण. नावांवरून आमचं अडतं. मला पडद्यावर येतं ते खरं नाव लिहायचं असतं, आईंना त्यांना कळेल ते. शेवटी नावात खरं आणि खालच्या माहितीत त्यांचं, असं ठरलं. म्हणजे गाइडमध्ये त्या पट्टीवर गेलं की खाली येतं, ‘हिरव्या साडीतल्या डॉक्टरीणबाई. गुडघ्यांचं असेल तर उठवणे.’ बातम्या रोज सातला आपोआप रेकॉर्ड होतात, मागेपुढे पाच-पाच मिनिटं जास्त घेऊन, कारण प्रक्षेपण घड्याळ लावून कधीच सुरू होत नाही. सुदामा नगरमधल्या नणंदबाईंनी ऐकलं आणि त्यांनाही फाइल हवी झाली. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर दुसरं आहे, पण साचा एकच, त्यामुळे जशीच्या तशी चालली. फक्त वाहिनी जोडताना त्यांना हाताने निवडावी लागली. त्यांनी लगेच फोन करून शनिवारची एक वेळ दुरुस्त करून दिली. त्यांच्या आठवणीप्रमाणे तो अभंगांचा कार्यक्रम साडेसहाला लागतो, सहाला नाही. लावून बघितला, त्यांचं बरोबर निघालं.

राहता राहिली रविवारची दुपार. आईंच्या मते जेवणानंतर मराठी चित्रपट असतो, नणंदबाईंच्या मते हल्ली तिथे मुलाखती लागतात, आणि त्या वेळेला आमच्याकडे नेमकं कुणीतरी आलेलं असतं. गणपतीत तर सगळंच बदलेल, आरत्या, थेट प्रक्षेपणं, पुण्या-मुंबईच्या मिरवणुका, तेव्हा तो आठवडा वेगळा टंकावा लागेल. येत्या रविवारी पाहुण्यांना संध्याकाळी बोलावलं आहे. दुपारी दोन ते पाच मी वही घेऊन बसणार आहे.